बारा बाय अठराची खोली आणि माझी तोफ

डिसेंबर लागला की मला माणसांच्या पडजिभा दिसायला लागतात.

सकाळी चहाबरोबर फोन उघडावा, तर कुणीतरी आदल्या दिवशीच्या मैफलीचे फोटो पाठवून ठेवलेले असतात. गवयाचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, कपाळावरचे घामाचे थेंब एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट, आणि मागचं सगळं जग लोण्यासारखं वितळलेलं. वरून ते निळे-जांभळे दिवे. त्या उजेडात चांगला धडधाकट गवई दोन दिवस विहिरीत राहून आल्यासारखा दिसतो. खाली लिहिलेलं असतं, 'तल्लीन'. मी कप खाली ठेवते. समोरच्या पोह्यांकडे बघवत नाही. दाढा, दाढेत भरलेली चांदी, नाकपुडीतले केस. गाण्याचा मोसम आला, याची वर्दी मला हल्ली अशी मिळते.

पूर्वी ती नाकाला मिळायची. माळ्यावरून काढलेल्या सतरंज्यांचा वास, स्वेटरातल्या डांबराच्या गोळ्या, गल्लीच्या तोंडाशी पेरूवाल्याची गाडी, कुणीतरी झाडून जाळलेला पाचोळा. रविवारी सकाळी एखाद्या जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं, वर कुणीतरी गातंय. त्या ढिगात आपल्याही चपला सोडायच्या आणि आत जाऊन मिळेल तिथे मांडी ठोकायची. तिकीट नाही, खुर्ची नाही, दिवे तर नाहीतच. खिडकीतून येईल तेवढा उजेड, आणि तोही गवयाच्या मर्जीने, कारण पडदा त्याच्या हाताशी.

हे सगळं वर आलं ते इरामुळे. इरा माझी नात. हिंजवडीला नोकरीला आहे, म्हणजे निम्मा वेळ हिंजवडीच्या रस्त्यात असते आणि उरलेला हिंजवडीत. गेल्या आठवड्यात माझ्या पलंगावर येऊन आडवी झाली.

"आजी, सीरियसली सांग. छोट्या जागेत लाइव्ह म्युझिक शूट करायचंय. लेन्स कुठली घेऊ?"

"जागा केवढी?"

"बाणेरला कॅफेची माडी आहे गं. चाळीस खुर्च्या. लाइट एकदम डिम. माझी ऑफिसमधली मैत्रीण गाणार आहे. मी सत्तर-दोनशे झूम बघतेय. सगळे रिव्ह्यूवाले म्हणतात तीच बेस्ट."

"ते सगळे त्या माडीवर येणार आहेत का?"

"टोमणे नकोत हां. तू काढायचीस ना फोटो? बाबा म्हणतो तू एकदम फेमस होतीस."

तिचा बाबा, म्हणजे माझा मुलगा मंदार, खोटं बोलत नाही. पण त्याला सगळं माहीतही नाही. "उद्या सांगते," म्हणून मी इराला वाटेला लावलं. आणि मग दोन दिवस ती बाई माझ्या डोक्यातून जाईना. त्या बाईचा मला मनापासून वीट आलेला आहे.

ती बाई म्हणजे मीच, पंचेचाळिशीतली. गळ्यात कॅमेरा, अंगात हातमागाचा कुडता आणि त्यावर बारा खिशांचं जाकीट. अकरा खिशांत काही नसायचं, बाराव्यात खोकल्याच्या गोळ्या. कपाळाला रुपयाएवढं कुंकू, कलावंत दिसावं म्हणून. बोलताना 'उजेड' म्हणायच्या ऐवजी 'प्रकाश' म्हणायची. आज ती मला बसमध्ये भेटली तर मी उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसेन.

काळ असा होता की ज्याच्या त्याच्या घरातला मुलगा अमेरिकेला निघाला होता. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक कोलमडणार आणि आमची मुलं ते सावरणार, अशी एकूण व्यवस्था होती. भाजीवालीसुद्धा विचारायची, "तुमचा गेला का?" जो जाईल तो येताना काहीतरी मोठं आणायचा. घरोघरी खोक्यांतून थर्मोकोल निघत होतं. तोवर एका स्कूटरवर सुखाने बसणारं पुणं अचानक 'मोठं घ्या' म्हणायला लागलं होतं. मोठा फ्रीज, मोठा टीव्ही, मोठ्या सोसायटीत मोठा हॉल. मी त्याला नाकं मुरडायची आणि आतून मलाही तेच हवं होतं.

तोवर माझ्याकडे होता तो जुना, सगळं हाताने फिरवायचा कॅमेरा आणि त्याला पन्नास मिलिमीटरची लेन्स. मुठीत मावणारी. दिसायला लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीच्या झाकणाएवढी. पण ती उजेड असा पिऊन घ्यायची की बंद खिडक्यांच्या खोलीतही काम व्हायचं. फक्त तिच्यासाठी जवळ बसावं लागे. गवयापासून दोन हात. इतकं जवळ बसलं की त्याला तुमचा श्वास ऐकू येतो आणि तुम्हाला त्याचा. मग तुम्ही आगाऊपणा करू शकत नाही.

त्या पन्नासवर मी एक युक्ती शिकले होते आणि त्याचा मला उगीच नव्हे, रास्त अभिमान होता. कॅमेऱ्याचा खटका वाजतो. टाळीएवढा नाही, पण विलंबित ख्यालात टाचणी पडली तरी ऐकू येते. तेव्हा फोटो काढायचा तो समेवर. गाणारी बाई फिरून फिरून समेवर येते, तबल्यावर 'धिं' पडतो, माना हलतात, कुणीतरी 'वा' म्हणतं. त्या कल्लोळात माझा खटका बुडून जायचा. विलंबित एकतालात अशी संधी मिनिटाला जेमतेम एक. बाकीचा वेळ नुसतं ऐकायचं, मात्रा मोजायच्या, बोट तयार ठेवायचं. सम चुकली की फोटो गेला. काही मैफलींतून मी पाच फोटो घेऊन परत यायची आणि पाचही धड असायचे.

पण पहिल्या रांगेत डाव्या हाताला तीन पुरुष बसायचे, लांबलांब नळ्या घेऊन. त्यांना लोक 'सर' म्हणायचे, चहा आधी द्यायचे. आणि मला ते म्हणायचे, "वहिनी, जरा सरकता का?" एवढंच. वाईट काही नाही. पण मी घरी येऊन पोळ्या लाटताना ते 'वहिनी' लाटायची.

म्हणून मंदारचा अमेरिकेतून फोन आला तेव्हा मी क्षणाचाही विचार केला नाही.

"आई, नवीन ऑटोफोकस कॅमेरा घेतोय तुला. बरोबर दोनपैकी एक लेन्स मिळते. एक छोटी पन्नासची, एक सत्तर-तीनशे झूम. कुठली आणू?"

"मोठी आण."

"मोठी म्हणजे?"

"मोठी म्हणजे मोठी रे. दिसायला मोठी."

याच्या आधी मी सल्ला घेतला नव्हता असं नाही. शनिवार पेठेत पाटणकर म्हणून लेन्स दुरुस्त करणारे गृहस्थ होते. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं तर पाटणकरांना उभं राहावं लागे. डोळ्याला भिंग लावून ते चिमट्याने कसलातरी स्क्रू शोधत होते. मी विचारलं, झूम घेऊ का? त्यांनी वर न बघता विचारलं, "खोली केवढी?"

"कुठली खोली?"

"जिथे तुम्ही फोटो काढता ती. पट्टी घेऊन जा, खोली मोजा, मग या. लोक लेन्स घेतात आणि मग तिला मावेल अशी खोली शोधत हिंडतात. बसून गातंय कोणीतरी, दहा फुटांवर. तिथे दुर्बीण कशाला? उजेड आत घेणारं भोक मोठं बघा बाई, नळी लांब बघू नका."

मी मनात म्हटलं, म्हातारा बुरसटलाय.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं रामायण, त्या सुशीलाबाई. एरंडवण्यात एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहायच्या. गाणं शिकवून त्यांचं आयुष्य गेलं. मोठ्या सभागृहात कधी गायल्या नाहीत. "माझा आवाज या खोलीच्या मापाचा आहे," म्हणायच्या. खोली बारा बाय अठरा. ते माप मला माहीत होतं, कारण सतरंज्या त्याच मापाच्या शिवून घेतलेल्या. दर हिवाळ्यात चार रविवारी सकाळी त्या या खोलीत गात. तीस माणसं कशीबशी मावत. भिंतीवर त्यांच्या गुरूंचा फोटो, त्या गुरूंच्या गुरूंचा फोटो, आणि शेजारी एक रिकामा खिळा. तो शिष्यिणींनी ठोकलेला. सुशीलाबाई त्या खिळ्यावर पिशवी अडकवायच्या.

त्या वर्षी त्यांचा श्वास पुरेनासा झाला होता. हा शेवटचा हिवाळा, हे त्यांनी आम्हाला बाजारभाव सांगावा तसं सांगून टाकलं होतं. आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "विजू, त्या खिळ्यावर एक दिवस मला लटकवणारच आहेत या पोरी. तर गातानाचा फोटो असू दे. माझा एकही नाही. रेशनकार्डावरचा लावतील नाहीतर. तू काढ. तुझा खटका समेवर पडतो, मला ऐकू येतं."

मला ऐकू येतं. चाळीस वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र, आणि त्या वेळी मी ते ऐकलंसुद्धा नाही नीट. कारण मंदारचं खोकं त्याच आठवड्यात यायचं होतं.

त्यांची एक अट होती. "तीन रविवार नुसती ऐक. कॅमेरा घरी. चौथ्या रविवारी काढ. माझं तोंड कधी कुठे जातं ते कळल्याशिवाय माझा फोटो निघायचा नाही."

याला कारण होतं. सुशीलाबाईंचा वरचा पुढचा एक दात नव्हता. बसवून घेतला नव्हता, कारण बसवलेल्या दाताने 'स'कार शिट्टी मारतो म्हणे. हसताना पदर तोंडाशी जायचा. बोलताना ओठ जपून. फक्त गाताना त्यांना त्याची शुद्ध नसायची. पण समेवर आल्या की त्या तोंड मिटून तबलजीकडे बघून हसायच्या. इतकंसं, घरात कुणालातरी डोळ्यांनीच 'झालं हं' म्हणावं तसं. तीन रविवार ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते हसू ठाऊक होतं. तोच फोटो होता. पन्नासची लेन्स, दोन हात अंतर, सम. काही करायचंच नव्हतं.

ती बाई तीन रविवार जाकीट घालून बसली आणि मनात नळी कुठे टेकवायची याची जागा बघत होती.

चौथ्या रविवारी मी निघाले तेव्हा आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "तोफ निघाली वाटतं. पानिपत की जवळच कुठे?"

"तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

"बरोबर. तो जुना घेतलायस ना पण बरोबर?"

"कशाला?"

यांनी पान उलटलं. आमच्या घरात याला चर्चा म्हणतात.

सुशीलाबाईंनी त्यांच्या डाव्या हाताला, पेटीवाल्याच्या शेजारी, माझी जागा राखून ठेवली होती. दोन हातांवर. चादरीची घडी घालून ठेवलेली, मला गुडघ्याचा त्रास म्हणून. मी तिथे बसले, तोफ उचलली, डोळा लावला, आणि आत नुसतं दूध. त्या लेन्सला पाच फुटांच्या आतलं दिसतच नाही, हे मला त्या क्षणी कळलं. मग मी मागे सरकले. "जरा सरकता का?" मीच म्हणत होते आता. आणखी मागे. कुणाच्या मांडीवर पाय, कुणाचा पदर गुडघ्याखाली. खोली संपली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारात होते. आत दूध तापत होतं. दाराशी पिठाचा डबा होता, त्यावर मी नळी टेकवली. मधे एक टक्कल आणि एक अंबाडा. त्यांच्यामधून, दुर्बिणीतून चोरून बघावं तशा सुशीलाबाई.

तोडी सुरू झाली. पडदा अर्धा ओढलेला. पन्नासला तेवढा उजेड पुरे होता. या लांब नळीला तो म्हणजे वाळवंटात चूळ भरण्यासारखा. अंधारात तिला काही गवसेना, मग तिची मोटर शोधायला लागली. घर्रर्र पुढे, घर्रर्र मागे. सम आली, मी बोट दाबलं. घर्रर्र. 'धिं' पडून विरला, माना हलून थांबल्या, ते हसू आलं आणि गेलं, खोलीत त्या सकाळची सगळ्यात खोल शांतता पसरली, आणि तीत माझं यंत्र म्हणालं, खट्. मागोमाग रोल पुढे सरकल्याचा चर्रर्र.

पुढच्या समेला तेच. त्याच्या पुढच्या समेलाही.

चौथ्या वेळी सुशीलाबाईंनी आवर्तन पूर्ण केलं आणि तंबोऱ्यावर हात ठेवला.

"विजू, गिरणी कधी आणलीस?"

तीस माणसं हसली.

"ज्वारी आहे की गहू? दळून झालं की सांग, मग गाते."

मी पण हसले. सगळ्यात मोठ्याने. त्या हसण्याची मला आज किळस येते. माझं घर चालत दहा मिनिटांवर होतं. उठून गेले असते, जुना कॅमेरा आणला असता, तरी दोन तास गाणं शिल्लक होतं. निदान ती तोफ पिशवीत घालून नुसतं ऐकलं असतं. पण पुढे डावीकडे ते तिघे सर बसले होते आणि त्यांतला एक मान वळवून माझ्या नळीकडे आदराने बघत होता. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो संपवले.

रोल धुऊन आला. चौतीस फोटो हललेले. धुक्यात कुणीतरी पांढरी साडी वाळत घातल्यासारखे. पस्तिसाव्यात टक्कल फार सुरेख आलं होतं. आणि एकच एक लख्ख. सुशीलाबाई तारषड्जावर जाऊन स्थिर उभ्या राहिल्या होत्या तेवढ्या वेळात निघालेला. श्वास पुरत नसताना त्यांनी तो सूर ओढून धरला होता, म्हणून तो फोटो हलला नव्हता. डोळे मिटलेले, मानेची शीर फुगलेली, तोंड पूर्ण उघडं. जीभ, टाळू, आणि ऐन मधोमध तो नसलेला दात. पाठीमागची भिंत, गुरू, खिळा, सगळं लोणी.

मी काय करायला हवं होतं, हे इतकं स्पष्ट आहे की लिहायचीही लाज वाटते. तो फोटो घेऊन त्यांच्याकडे जायचं. "बाई, घाण केली मी. आता एकदा या खिडकीत बसा आणि एक आवर्तन म्हणा," म्हणायचं. त्यांनी चार शब्द सुनावले असते आणि म्हटलं असतं.

मी तो फोटो खिडकीएवढा मोठा करून घेतला. आमच्या छायाचित्र मंडळाचं प्रदर्शन होतं, चार दिवसांचं. खाली पाटी लावली, 'साधना'. आता पुन्हा वाचा ते. साधना. दुसऱ्याच्या घशात दुर्बीण घालून वर साधना. पहिल्याच दिवशी ते तिघेही आले. बराच वेळ उभे राहिले. एक म्हणाला, "काय पकडलंय. ग्रेट, मॅडम." मॅडम. वहिनी नाही. मी त्या शब्दावर दिवसभर तरंगत होते.

संध्याकाळी सुशीलाबाई आल्या. कुणीतरी सांगितलं असणार. हातात कापडी पिशवी, तीतून मेथीची जुडी डोकावत होती. फोटोपुढे त्या उभ्या राहिल्या. जवळ गेल्या, मागे आल्या. मी शेजारी, बारा खिशांसकट.

"चांगला आलाय," त्या म्हणाल्या. आणि मग, "कोण आहे ही?"

मी पाटी सरळ केली. त्यांचा पदर सावकाश तोंडाशी गेला. हसत नव्हत्या तरी गेला. "येते," म्हणाल्या, आणि जिन्याशी वाकून सावकाश चपला घालून गेल्या.

पुणेरी टोमणा, मी ठरवून टाकलं. आपल्याकडे असंच बोलतात. गिरणीसारखाच. प्रदर्शन अजून तीन दिवस होतं. मी तो फोटो उतरवला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या जिन्यात चपला नव्हत्या, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात सुशीलाबाई गेल्या. शिष्यिणींपैकी एकीने मला फोन केला. "विजूताई, बाईंचा गातानाचा फोटो तुमच्याकडेच आहे ना? त्या म्हणाल्या होत्या तुम्ही काढलाय म्हणून." म्हणजे तो कसला आहे ते बाईंनी त्यांना सांगितलंच नव्हतं. "चांगला आला नाही गं," मी म्हटलं. त्या हिवाळ्याबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य, तेही दीड वर्ष उशिरा. खिळ्यावर रेशनकार्डावरचाच फोटो मोठा करून लागला. ओठ घट्ट मिटलेले, डोळे दचकलेले. कुणीतरी चोरी कबूल करायला सांगितल्यासारख्या बाई.

तोफ मी मखमलीत गुंडाळून कपाटात ठेवली. तीन पावसाळ्यांनी काढली तर आत बुरशी. काचेच्या आत, पुसता येणार नाही अशी. पांढरे तंतू, कोळ्याच्या जाळ्यासारखे. पाटणकरांकडे नेली. त्यांनी उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाले, "छान धरलीय. मखमलीत ठेवली होती ना? लाडाने होतं असं." मी ती दुरुस्त करू दिली नाही. अधूनमधून काढून बघते. पन्नासची मात्र रिकाम्या झालेल्या तूरडाळीच्या डब्यात पडून होती, औषधाच्या बाटल्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत. स्वच्छ आहे. अजून डाळीचा वास येतो.

तर तिसऱ्या दिवशी मी इराला तो डबा दिला.

"ही? आजी, ही तर बाहुलीची लेन्स आहे."

"एक कडं मिळतं, ते लावलं की तुझ्या कॅमेऱ्यावर बसेल. फोकस हाताने करायचा. तिच्यापासून दोन हातांवर बसायचं. तिला आधी सांगून. आणि त्याआधी तीन वेळा नुसतं ऐकायचं."

"तीन वेळा? अगं, शो एकच आहे."

"मग तालमीला जा."

गेली, नवल म्हणजे. हिंजवडीतून सुटून तीन संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन बसली. आणि रविवारी दुपारी मलाही बाणेरला घेऊन गेली. त्या माडीबद्दल काय सांगावं. चाळीस खुर्च्या आणि चाळीस उभे फोन. गाणाऱ्या मुलीनेच आपल्यापुढे एक फोन दांडीवर लावून ठेवलेला, म्हणजे ती गात कुणासाठी होती हा प्रश्नच. कॉफीचं यंत्र बरोबर समेवर फुसकारायचं. भिंतीला जांभळा उजेड, माझ्या शेजारच्या मुलाच्या कपात फेसावर काढलेलं बदाम. मला हे सगळं असह्य होत होतं आणि मी ते चवीने असह्य करून घेत होते.

मग त्या पोरीने एक सूर धरला. गिटारवाला थांबला, कॉफीचं यंत्रही त्या वेळी गप्प होतं. सूर साधाच, पण ती त्यावरून हलली नाही. पुढचं मला नीट सांगता येणार नाही. मी तिथे नव्हते.

मध्यंतरात इरा येऊन माझ्या खुर्चीशी उकिडवी बसली. गाणाऱ्या मुलीचे फोटो दाखवले. चांगले होते. त्यातल्या एकात ती तोंड मिटून गिटारवाल्याकडे बघत होती आणि मी तो फोटो पटकन पुढे ढकलायला सांगितला. पुढचा आला.

एक म्हातारी. खालचा ओठ लोंबलेला, तोंड अर्धं उघडं, वरची कवळी किंचित सुटून खाली आलेली आणि तीवर थुंकी चमकतेय. डोळे कुठेच बघत नाहीत. शेजारी कॉफीचा कप, मागे भिंत, सगळं जिथल्या तिथे दिसतंय. शी. कुणाची ही आजी, हिला आवरून का नाही आणली?

"चांगला आलाय," मी म्हटलं. "कोण आहे ही?"

आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की त्यांत टोमणा नव्हता. नावालाही नव्हता. मी खरंच ओळखलं नव्हतं. आपला तो चेहरा आपण कधी बघितलेलाच नसतो. पंचवीस वर्षं मी ते वाक्य टोमणा म्हणून सांभाळलं, कारण टोमण्याला उत्तर द्यावं लागत नाही. सुशीलाबाईंनी मला साधा प्रश्न विचारला होता. मेथीची जुडी घेऊन त्या उत्तरासाठी उभ्या होत्या.

"आजी, तू आहेस," इरा हसली. मग माझ्याकडे बघून थांबली. "ठेवू की डिलीट करू?"

मी पुन्हा एकदा त्या म्हातारीकडे बघितलं.

"डिलीट कर."

तिने केला. तोंड वाकडं नाही, 'पण किती मस्त आलाय' नाही. वर माझ्यापुढे धरून दाखवला, "बघ, गेला," आणि कॉफी आणायला उठली. किती वेळ लागला असेल? एक सम ते दुसरी सम, तेवढाही नाही.

घरी आल्यावर मी कपाटामागे हात घातला. ती 'साधना' तिथे आहे, तोंड भिंतीकडे करून, इतकी वर्षं. ओढून काढली. जळमटं पुसली. सुशीलाबाई अजून त्या सुरावर उभ्या होत्या, सगळ्या श्वासानिशी. मधोमध तो दात. खाली पाटी. पाटी मी खरवडून काढली, नखांनी. मग फोटो फाडायला म्हणून कोपरा धरला.

फाडायचा तरी त्यांना विचारून.

तोंड भिंतीकडे करून परत ठेवून दिला.